डायलिसिसवरचा पेशंट वाचेल का: तीन स्कोअर आणि कोकणातला पावसाळा

लावणी सुरू झाली की आमच्या सिंधुदुर्गात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप) पेशंट येऊ लागतात. दिवसभर चिखलात राबलेला चाळिशीतला गडी, डोळे पिवळे, पोटऱ्यांना हात लावू देत नाही, लघवी जेमतेम. डायलिसिस लावायचं हे तर ठरलेलंच असतं. मग दाराशी उभा असलेला भाऊ विचारतो, "डॉक्टरानु, वाचतलो मां?" इथे नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांनी अशा वेळी कुठला स्कोअर, म्हणजे पेशंट दगावण्याचा धोका गुणांत मांडणारं कोष्टक, हाताशी ठेवावा, एवढाच इथला विषय.

अपाचे-२ हा १९८५चा, सगळ्यांत नावाजलेला. बारा मोजमापं, वय आणि जुने आजार मिळून कमाल ७१ गुण. पण पहिल्या २४ तासांतले सर्वांत वाईट आकडे लागतात आणि एबीजीही (धमनीतल्या रक्तातल्या वायूंची तपासणी) लागतं. ते मशीन आपल्याकडे असलं तरी त्याची कार्ट्रिज नेमकी संपलेली असते. शिवाय किडनी अचानक बंद पडलेली असेल तर क्रिएटिनिनचे (किडनी गाळत नसली की रक्तात साठणारा घटक) गुण दुप्पट धरतात, म्हणजे ३.५च्या वर गेलं की ८ गुण. डायलिसिसचे सगळेच पेशंट तिथे पोचलेले, मग एकाला दुसऱ्यापासून वेगळं काढणार कसं? शोधनिबंधासाठी ठीक, खाटेपाशी मी वापरत नाही.

लियानो यांचा स्कोअर माद्रिदचा, १९९३चा, आणि खास किडनीच्या पेशंटसाठीच बनवलेला. त्याला लॅब जवळजवळ लागतच नाही. वय, लघवी, बीपी, कावीळ, शुद्ध, व्हेंटिलेटर अशा गोष्टी बघायच्या आणि फोनवर बेरीज करायची. लाईट गेलेली असताना हाच उपयोगी. खोट एकच, पण आपल्याला नडणारी. वयाच्या दर दशकाला ०.०३२ आणि काविळीला ०.१२२, म्हणजे पिवळे डोळे दिसले की पेशंट जवळजवळ चार दशकांनी म्हातारा ठरतो. लेप्टोत बिलिरुबिन (रक्तातला काविळीचा आकडा) कितीही चढलं तरी लिव्हर सहसा निकामी होत नाही. माणूस दगावतो तो बहुधा फुप्फुसातल्या रक्तस्रावाने.

सोफा (१९९६) सहा अवयवांना प्रत्येकी ० ते ४ गुण देतो. त्यातही लेप्टोचा घोळ आहेच. बिलिरुबिन १४, प्लेटलेट ४० हजार, क्रिएटिनिन ५.५ म्हटलं की ४, ३ आणि ४, म्हणजे छाती, बीपी, मेंदू बघायच्या आधीच ११. ब्रसेल्सच्या २००१च्या अभ्यासात सुरुवातीचा स्कोअर ११च्या वर असलेल्यांपैकी ८० टक्क्यांहून जास्त दगावले होते. आपला पेशंट मात्र उठून बसून पेज मागत असतो. म्हणून सोफाच्या पहिल्या आकड्यावर जाऊ नका, तो चढतोय की उतरतोय ते बघा. त्याच अभ्यासात पहिल्या ९६ तासांत स्कोअर वाढलेल्यांपैकी निम्मे तरी गेले, उतरलेल्यांत हे प्रमाण २७ टक्क्यांच्या आत होतं. फक्त एक गोम आहे. डायलिसिसने क्रिएटिनिन खाली येतं, किडनी सुधारलेली नसते. तेव्हा मशीन चालू आहे तोवर किडनीचे ४ गुण तसेच धरा.

घोणस चावलेल्याचं गणित निराळं. तो वाचतो, पण किडनीची सालच (बाहेरचा थर) मेली असेल तर डायलिसिस सुटत नाही. किडनी परत येईल का, हे तिन्ही स्कोअर सांगत नाहीत.

तर माझी निवड अशी: दाखल होताना लियानो, लेप्टो असेल तर कावीळ न मोजता, आणि त्यानंतर रोज सकाळी सोफा. ही सूत्राची दुरुस्ती नाही, माझी सवय आहे. आकडा वाईट आला म्हणून डायलिसिस थांबवायचं मात्र नाही. साओ पावलोत २००७ साली ३३ गंभीर लेप्टो पेशंटांचा अभ्यास छापून आला. उशिरा आणि दिवसाआड डायलिसिस मिळालेल्यांत मृत्यू ६७ टक्के, लगेच आणि रोज मिळालेल्यांत १७. थुंकीत रक्त दिसलं तर स्कोअर मांडत न बसता बांबोळीला (गोव्याच्या मेडिकल कॉलेजला) किंवा कोल्हापूरला गाडी काढा.

आणि भावाला मी पहिल्या रात्री टक्के सांगत नाही. परवा सकाळी ये म्हणतो.