खांब पाहिले, बीम पाहिले, सांधे पाहायचे राहिले: प्रीकास्टच्या कामात झालेली माझी फसवणूक

गोदामाच्या एका खांबाच्या पायथ्याशी उकिडवं बसून मी बाइंडिंगची तार एका भोकात घातली आणि ती आत जातच राहिली. ग्राउट, म्हणजे सांध्यातल्या पोकळीत भरायचा सिमेंटचा वाहता मसाला, भरताना हवा आणि जादा माल बाहेर यावा म्हणून ठेवलेलं ते वरचं तोंड. त्यावर वाळू-सिमेंटच्या मसाल्याचं बूच होतं, आणि ज्याने ते दाबलं त्याच्या अंगठ्याचा ठसा त्यावर अजून दिसत होता. स्क्रू ड्रायव्हरने टोचलं तर खपली निघावी तसं ते निघून हातात आलं. आत ग्राउट असता तर तार तिथेच अडायला हवी होती. ती वाकून खाली उतरली आणि वीतभर गेली तरी कशालाच टेकली नाही.

खांब उभे राहून तेव्हा दीड महिना झाला होता. त्यांवर बीम चढले होते, बीमवर स्लॅबचे तयार पट्टे बसले होते, आणि इरेक्शनचं, म्हणजे नग उभे करून बसवण्याचं, बहुतेक बिल मी चुकतं केलं होतं. तार घालून बघायला मला सांगितलं ते त्याच टोळीतल्या एका तरुण फिटरने. मजुरी थकली म्हणून तो काम सोडून निघाला होता. जाता जाता एवढंच म्हणाला, "काका, वरच्या भोकात तार घालून बघा. आणि पाया भरल्यावर सळया कशा आल्या होत्या तेही विचारा त्यांना."

प्रीकास्टचं, म्हणजे खांब-बीम यार्डात आधीच ओतून साइटवर आणून जोडायचं, काम कुणाला देणार असाल, किंवा दिलेलं असेल, तर पुढचं सगळं नीट वाचा.

ठेकेदाराने सुरुवातीलाच मला त्याच्या यार्डात नेलं होतं. लोखंडी साचे, सरळ रेषेत बांधलेल्या रिंगा, वाफेवर पिकवलेलं काँक्रीट, ताकद तपासायला माझ्यासमोर मशीनवर फोडलेले क्यूब, म्हणजे नमुन्याचे ठोकळे. यातलं काही खोटं नव्हतं. खांब उत्तम होते, बीम उत्तम होते, आजही आहेत. मी प्रत्येक नग टेप लावून मोजला, कडा हाताने चाचपल्या, समाधानाने परतलो. पण जागेवर ओतलेल्या इमारतीत बीमच्या सळया खांबातून आरपार जातात आणि सगळं काँक्रीट एकजीव होतं. इथे प्रत्येक नग सुटा येतो. त्या सुट्या नगांची इमारत होते ती फक्त सांध्यांमुळे, आणि सांधा यार्डात बनत नाही. तो साइटवर, उन्हावाऱ्यात, क्रेन ताटकळत उभी असताना, टोळीच्या हातून बनतो. बनला की दिसेनासा होतो.

आमच्या खांबांचा सांधा असा होता. पायातून 25 मिमीच्या 8 सळया वर आलेल्या. खांबाच्या बुडात तेवढ्याच स्लीव्ह, म्हणजे ओतीव लोखंडाच्या नळ्या. स्लीव्हच्या वरच्या अर्ध्यात खांबाची सळई कारखान्यातच बसवलेली असते, खालच्या अर्ध्यात खांब उतरवताना पायाची सळई शिरते. दोन्ही सळया एकमेकींना शिवतसुद्धा नाहीत. त्यांना धरून ठेवतो तो फक्त ग्राउट. म्हणून ड्रॉइंगमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की पायाची सळई स्लीव्हमध्ये किमान 200 मिमी गेली पाहिजे, म्हणजे व्यासाच्या 8 पट. खांबाखाली शिम, म्हणजे पत्र्याच्या चकत्या, ठेवून 20 मिमीची फट राखायची, तिच्या कडा मसाल्याने बंद करायच्या, मग खालच्या भोकातून पंपाने न आकसणारा ग्राउट चढवायचा. वरच्या भोकातून तो बुडबुड्यांशिवाय सलग वाहायला लागला की बूच मारायचं. त्यानंतर किमान 24 तास खांबाला धक्का लागू द्यायचा नाही आणि तिरके टेकू सोडायचे नाहीत.

बिनसलं ते पायापासूनच. काँक्रीट ओतताना सळया हलू नयेत म्हणून लोखंडी टेम्प्लेट लावायची असते. त्यांनी प्लायवूडचा तुकडा भोकं पाडून लावला. व्हायब्रेटर चालला, प्लाय सरकला आणि कित्येक सळया जागेवरून 15 ते 20 मिमी हलल्या. सळईभोवती स्लीव्हमध्ये सगळी मोकळीक होती जेमतेम 12 मिमी. खांब बसेना. अशा वेळी डिझायनरला बोलवायचं असतं. तो चुकलेल्या सळईच्या जागी नवीन भोक पाडून केमिकलने सळई बसवायला सांगतो, किंवा दुसरा काही उपाय देतो. त्यात दिवस मोडतात आणि क्रेनचं भाडं चालूच राहतं. यांनी ग्राइंडर काढला आणि आडव्या येणाऱ्या सळया कापून टाकल्या. कुठे 60 मिमी उरली, कुठे फटीच्या पातळीलाच. मग खांब अगदी अलगद बसला. ओळंबा लावून मला दाखवलाही, आणि तो खराच सरळ होता.

माझ्या मते फसवणुकीचं मूळ इथे आहे. कमी ग्राउट वापरून त्यांनी किती पैसे वाचवले असतील? फारसे नाहीत. पण कापलेल्या सळईवर ग्राउट भरून उपयोग नाही हे त्यांनाही कळत होतं, आणि पंप, मोजमाप, वाट पाहणं यांत वेळ जातो. आधीची चूक झाकायची म्हणून पुढचं सगळंच वरवरचं केलं. फटीच्या कडेने थोडा ग्राउट ओतला, तोही पाणी वजनाने न मोजता डब्याने टाकून पातळ केलेला. वरच्या भोकांना अंगठ्याने मसाला दाबला.

आता कागदपत्रांचं सांगतो, कारण मला गाफील ठेवलं ते कागदांनी. करारात अट होती की प्रत्येक खांबाचा ग्राउट भरतानाचा फोटो द्यायचा. त्यांनी छान बांधलेली फाइल आणून दिली. प्रत्येक फोटोत खांबावर खडूने नंबर, वरच्या भोकातून वाहणारा ग्राउट. प्रत्येक पानावर माझी सही आहे. तार आत गेली त्या रात्री मी ती फाइल पुन्हा उघडली. सी-3 च्या फोटोत खांबाच्या डाव्या कोपऱ्याला, जमिनीपासून चार बोटांवर, तुटलेल्या नखाच्या आकाराचा टवका उडालेला दिसत होता. सी-9 च्या फोटोतही तोच टवका. सी-10, सी-17, सी-22. मोजले तर 11 खांबांच्या फोटोंत तोच टवका, फक्त खडूचा नंबर पुसून नवीन घातलेला. काही ठिकाणी आधीच्या आकड्याची पांढरी धूळसुद्धा नीट पुसली नव्हती. एक खांब खरोखर भरला होता आणि तोच 11 वेळा मला दाखवला होता.

ग्राउटच्या क्यूबचा अहवालही होता, आकडे चांगले होते. तो खराच असणार. पण पिशवी फोडून नीट कालवलेल्या मालाचा क्यूब तुम्हाला पिशवीतला माल कसा आहे ते सांगतो. तो माल स्लीव्हमध्ये गेला की नाही हे क्यूब सांगू शकत नाही. एवढी साधी गोष्ट मला तेव्हा सुचली नाही.

जी तपासणी कुणीही घरबसल्या करू शकतो ती मी फार उशिरा केली: पिशव्या मोजणं. आमच्या एका स्लीव्हमध्ये सळयांची जागा वजा जाता साधारण 0.63 लिटर ग्राउट मावतो. 8 स्लीव्हचे 5 लिटर. खांब 450 बाय 450 मिमीचा, खाली 20 मिमीची फट, तिचे 4 लिटर. म्हणजे खांबामागे 9 आणि 24 खांबांचे 216 लिटर. 25 किलोच्या एका पिशवीतून आमचा ग्राउट साडेबारा लिटरच्या आसपास तयार होत होता. पाइपात अडकणारा, सांडणारा माल धरलाच नाही तरी 17 पेक्षा जास्त पिशव्या लागायलाच हव्या होत्या. माल साइटवर आल्याच्या चलनांवर एकूण 7 पिशव्या होत्या. एवढ्यात खांबांखालच्या फटीसुद्धा पूर्ण भरत नाहीत, स्लीव्ह तर लांबच. ती चलनं दीड महिना माझ्याच कपाटात होती.

मी एका स्वतंत्र स्ट्रक्चरल इंजिनिअर मॅडमना बोलावलं. त्यांनी भोकांतून एंडोस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, घालून 6 खांबांच्या 48 स्लीव्ह तपासल्या. 31 स्लीव्ह रिकाम्या किंवा अर्ध्याहून कमी भरलेल्या निघाल्या आणि त्यांतल्या 9 मध्ये सळई कापलेली होती. मग त्या म्हणाल्या, "ज्यांनी खाली असं केलंय, त्यांचं वरचं कामही उघडून बघू."

वर खांबाला कॉर्बेल आहेत, म्हणजे बीम टेकायला काढलेले काँक्रीटचे हात. प्रत्येक कॉर्बेलमधून दोन डॉवेल सळया वर येतात, बीमच्या टोकातल्या नळ्यांतून आरपार जातात आणि त्या नळ्याही ग्राउटने भरायच्या असतात. मध्ये निओप्रिन या रबराचा पॅड, म्हणजे बीम थोडा हलला, वाकला तरी काँक्रीटची कड फुटत नाही. शिडीवर चढून मी कॉर्बेलकडे पहिल्यांदा जवळून पाहिलं तेव्हा एका ठिकाणी काँक्रीटवर काळा डाग होता. गॅस कटरचा जाळ लागलेला. मॅडमनी बीमच्या वरचं बूच फोडायला लावलं. नळीत वाळू होती, वर दोन बोटं मसाला, आणि डॉवेल कॉर्बेलच्या पातळीला कापलेला. 20 टोकं उघडली, 7 ठिकाणी हेच. तीन ठिकाणी पॅड नव्हता, बीम उचलताना घातलेल्या पत्र्याच्या शिमवरच तो बसला होता. आणि एका जागी 150 मिमीऐवजी जेमतेम 95 मिमी टेकलेला.

ठेकेदाराला समोर बसवलं तेव्हा त्याने आवाज चढवला नाही. शांतपणे म्हणाला, "साहेब, भार खालीच जातो ना? खांब पायावर उभा आहे, बीम खांबावर बसलाय. तो जाणार कुठे? ग्राउट काय, पोकळी भरायला असतो."

हे वाक्य लक्षात ठेवा, कारण ऐकायला ते पटतं. रोजच्या दिवशी ते खरंही वाटतं, इमारत उभी असते. पण वारा आडवा येतो, भूकंप आडवा येतो, गोदामात मागे येणारा ट्रक खांबाला आडवाच धडकतो. खांब एका बाजूला झुकू पाहतो तेव्हा दुसऱ्या बाजूच्या सळयांवर ताण येतो, आणि रिकाम्या स्लीव्हमधली सळई म्यानातल्या तलवारीसारखी सरळ बाहेर येते. डॉवेल नसलेल्या बीमला धरून ठेवायला उरतं ते फक्त घर्षण.

घर्षणाच्या भरवशावर काय होतं ते मॅडमनी त्याच्यासमोरच सांगितलं. 20 आणि 29 मे 2012 ला उत्तर इटलीच्या एमिलिया भागात भूकंप झाले. तिथल्या कित्येक प्रीकास्ट कारखान्यांचे बीम खांबांवर नुसते टेकवलेले होते, डॉवेलविना. ते घसरून खाली आले, छपरं कोसळली, आत कामावर असलेली माणसं गेली. त्या इमारती निदान त्या काळच्या नियमांनी तशाच आखलेल्या होत्या. आमच्या ड्रॉइंगमध्ये डॉवेल होते आणि ते कापले गेले.

दुसरी गोष्ट लंडनच्या रोनन पॉइंटची. 22 मजली, प्रीकास्ट भिंतींची इमारत. 16 मे 1968 ला 18 व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला, एक भिंत बाहेर ढकलली गेली आणि वरपासून खालपर्यंत अख्खा कोपरा पत्त्यांसारखा ढासळला. चौघे मेले. कोपरा पुन्हा बांधून लोक परत राहायला गेले. 1986 मध्ये ती इमारत मजला-मजला सोडवून उतरवली तेव्हा सांध्यांत काँक्रीटच्या जागी वर्तमानपत्रांचे बोळे सापडले. इतकी वर्षं माणसं त्या सांध्यांच्या आधाराने झोपत होती. हे ऐकून माझ्या डोळ्यांसमोर तो अंगठ्याचा ठसाच आला.

माझ्या करारातली मोठी चूकही सांगायला हवी. दर नगावर होता. खांब उभा राहिला की खांबाचं बिल, बीम चढला की बीमचं. सांध्याला करारात स्वतंत्र नावच नव्हतं, त्यामुळे सांधा न करता निघून गेल्याने त्यांचं काहीच अडत नव्हतं. पुढच्या कामाच्या करारात मी सांधा हीच बिलाची बाब केली आहे: सळयांची उंची आणि जागा खांब उतरवण्याआधी मोजायची, मोजमापाच्या कागदावर डिझायनरची सही, ग्राउट भरताना माझा माणूस हजर, रिकाम्या पिशव्या त्याच्या ताब्यात, आणि 10 पैकी एक स्लीव्ह एंडोस्कोपने तपासेपर्यंत पैसे नाहीत. दोन ठेकेदारांनी या अटी वाचून दर द्यायलाच नकार दिला. तिसऱ्याने काही न बोलता सही केली. त्याच्या पहिल्या खांबाला ग्राउट चढताना मी जवळ उभा होतो. आठही तोंडांतून एकामागून एक, सायीसारखा दाट ग्राउट यायला लागला आणि पोरगा रबरी बुचं ठोकत गेला.

जुन्या खांबांपैकी जिथे सळया शाबूत होत्या तिथे पुन्हा ग्राउट चढवता आला. कापलेल्या सळयांच्या खांबांना पायापासून काँक्रीटचं जॅकेट, म्हणजे भोवतीने नवं काँक्रीट, करावं लागलं, त्यासाठी फरशी फोडली, पाया उघडला. बीमच्या टोकांना लोखंडी ब्रॅकेट बसवले. हे सगळं होईपर्यंत आठ महिने टेकूंच्या जंगलात गोदाम रिकामं उभं होतं. ठेकेदाराच्या वकिलाने माझ्या सह्यांची फाइल पुढे केली आहे. आमच्या बाजूला त्याच फाइलमधला 11 वेळा आलेला टवका आणि 7 पिशव्यांची चलनं आहेत. निकाल लागायचा आहे.

तो फिटर मध्यंतरी भेटला. ती टोळी आता दुसऱ्याची इमारत उभी करते आहे, असं त्याच्याकडून कळलं. मी त्या मालकांचा नंबर मिळवून फोन केला. ते म्हणाले, "यार्ड मी स्वतः पाहून आलोय हो, माल एक नंबर आहे." मी त्यांना उद्या सकाळी साइटवर येतो म्हणून सांगितलं आहे. तार सोबत नेणार आहे.