सोसायटीच्या पाण्यासाठी क्लोरीन तपासायचं ओटी किट घ्यावं का?

२०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, म्हणजे नसांचा आजार) पेशंट सापडायला लागले आणि संशय पाण्यावर गेला. आमच्या ग्रुपवर ‘उकळून प्या’चे मेसेज ढिगाने आले, पण आपल्या टाकीत क्लोरीन आहे का, हे कुणालाच सांगता येईना. कमिटीत पाण्याचं खातं माझ्याकडे, म्हणून हे किट आणलं.

डबीत दोन नळ्या, रंगांच्या छटांची पट्टी आणि ऑर्थोटोलिडीनची (हेच ते ‘ओटी’; क्लोरीन असेल तर यानं पाणी पिवळं होतं) ड्रॉपरवाली बाटली. खुणेपर्यंत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे, हलवायचं आणि लगेच पट्टीशी जुळवायचं. लगेच म्हणजे लगेचच. चार-पाच मिनिटांनी बघितलं तर रंग गडद होतो आणि आपण उगाच खूश होतो. वॉचमनकाका आधी दचकलेच.

"मॅडम, पिवळं झालं, म्हणजे खराब ना?"

"नाही काका, पिवळं नाही झालं तर घाबरायचं."

नळाला किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन हवं. टँकरच्या पाइपला तेवढं आलं, खालच्या टाकीत रंग जेमतेम, आणि वरच्या टाकीच्या शेवटच्या नळाला काहीच नाही. म्हणजे क्लोरीन मध्येच संपत होतं. खालच्या टाकीपाशी जाऊन बघितलं तर झाकणाची कड तुटलेली, ड्रेनेजचं चेंबर हातभर अंतरावर, तळाला बोटभर गाळ. टाकी धुऊन घेतली, झाकण बदललं, तोंडाभोवती सिमेंटचा कट्टा उचलला. आता शेवटच्या नळालाही रंग येतो. लॅबचा रिपोर्ट आमच्याकडे होता की! पण तो एका नळाचा, एका दिवसाचा. कुठे बिघडतंय ते त्यात कसं कळणार?

तक्रारी आहेत. पट्टीवर ०.२ नंतर थेट ०.५, मधलं सगळं अंदाजपंचे. ट्यूबलाइटखाली छटा कळत नाही, उजेडात जावं लागतं. माहितीपत्रक फक्त इंग्रजीत. द्रावण विषारी असतं, हाताला लागू द्यायचं नाही, तपासलेलं पाणी परत टाकीत ओतायचं नाही, आणि हे सगळं कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत! शिवाय जंतू आहेत का, हे यात कळत नाही. त्यासाठी एचटूएसची बाटली वेगळी घ्यायची; त्यातलं पाणी काळं पडलं की समजायचं.

नव्याने घेत असाल तर डीपीडी या दुसऱ्या रसायनाच्या गोळ्यांचं किट बघा. थोडं महाग आहे, रंग गुलाबी येतो आणि ऑर्थोटोलिडीनची कटकट नाही. आमची बाटली संपली की तेच मागवणार आहोत.