जबड्यावरून नाते ठरवू नये: खूरधारी शिकारी प्राण्यांच्या प्रतिकृतींच्या संचाचे परीक्षण

सांगलीजवळच्या कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एका छोट्या कार्यशाळेने शाळा-महाविद्यालयांसाठी तयार केलेला, खूर असलेल्या प्राचीन शिकारी सस्तन प्राण्यांच्या प्रतिकृतींचा संच आमच्या प्राणिशास्त्र विभागाने या शैक्षणिक वर्षात विकत घेतला. वर्गात आणि प्रयोगशाळेत तो पुरेसा हाताळून झाल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. संचात रेझिनच्या पाच कवट्या, घोट्याच्या हाडांचे चार नमुने आणि एक मराठी माहितीपुस्तिका आहे. किंमत साधारण एका चांगल्या शालेय सूक्ष्मदर्शकाइतकी आहे, म्हणजे लहान शाळेला ती सहज परवडणारी नाही. तरीही या संचाची शिफारस मी मनापासून करतो, आणि त्याचे मुख्य कारण कवट्या नसून घोट्याची ती चार हाडे आहेत.

विषय आपल्या विद्यार्थ्यांना नवा आहे. खूर म्हटले की त्यांच्यासमोर गाय, म्हैस, शेळी, घोडा असे चरणारे प्राणी येतात आणि मांसाहार म्हटला की पंजा आणि नख्या येतात. परंतु डायनोसॉर नाहीसे झाल्यानंतरच्या पहिल्या काही कोटी वर्षांत, आजच्या कुत्रा-मांजर गटातील मोठे शिकारी अजून घडायचे असताना, उत्तर गोलार्धात शिकाऱ्याची जागा काही प्रमाणात खूर असलेल्या प्राण्यांनी घेतलेली होती. ही जागा एकाच कुळाने घेतली नाही. निदान तीन वेगवेगळ्या शाखा स्वतंत्रपणे तिथे पोहोचल्या, त्यांचे जबडे दिसायला एकमेकांसारखे झाले, आणि या सारखेपणामुळे अभ्यासकांचीही कित्येक दशके दिशाभूल झाली. हा इतिहास हाताने चाचपून समजून घेता यावा, अशा रीतीने या संचाची मांडणी केलेली आहे.

पहिली कवटी मेसोनिक्सची आहे. एडवर्ड ड्रिंकर कोप यांनी १८७२ साली अमेरिकेतील वायोमिंग येथील जीवाश्मांवरून या प्राण्याला नाव दिले. मेसोनिक्स ज्यात मोडतो त्या मेसोनिकिड गटाचा काळ पॅलिओसीनपासून (डायनोसॉरनंतरचे पहिले युग) त्यापुढच्या इओसीन युगाच्या अखेरीपर्यंत, आणि बहुधा त्यानंतरही थोडा पुढे जातो. त्यांतील काही प्राणी कोल्ह्याएवढे होते, तर काही अस्वलाएवढे. चार बोटे, प्रत्येक बोटाच्या टोकाला लहानसे खूर आणि बोटांवर तोलून चालण्याची ढब, अशी त्यांची ठेवण होती. प्रतिकृतीत डोक्याच्या माथ्यावरून मागे जाणारा हाडाचा उंच कणा उत्तम उतरला आहे. जबड्याचे स्नायू तिथे चिकटत असत, त्यामुळे तो कणा बोटाने चाचपला की चाव्याच्या ताकदीचा अंदाज येतो. दाढांचे काम त्याहूनही काळजीपूर्वक केलेले आहे. वरच्या दाढा त्रिकोणी आणि बोथट उंचवट्यांच्या, तर खालच्या अरुंद आणि पात्यासारख्या लांबट आहेत. कुत्र्याच्या जबड्यात मांस कापण्यासाठी खास घडलेली वरची चौथी उपदाढ आणि खालची पहिली दाढ यांची जी जोडी असते, ती इथे नाही. वर्गात कुत्र्याची खरी कवटी शेजारी ठेवली की विद्यार्थ्यांना हा फरक वेगळा सांगावा लागत नाही.

अँड्र्यूसार्कसच्या कवटीबद्दल मला सविस्तर लिहावे लागेल, कारण संचातील सर्वांत आकर्षक आणि सर्वांत सदोष वस्तू हीच आहे. रॉय चॅपमन अँड्र्यूज यांच्या नेतृत्वाखालील अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या मोहिमेतील कान चुएन पाओ यांना १९२३ साली इनर मंगोलियातील इर्दिन मन्हा येथील, चार कोटी वर्षांहून जुन्या थरांत ही कवटी सापडली आणि हेन्री फेअरफिल्ड ऑस्बर्न यांनी १९२४ साली तिचे वर्णन प्रसिद्ध केले. कवटीची लांबी ८३.४ सेंटीमीटर आहे. या प्राण्याची आपली जवळजवळ सगळी माहिती या एका कवटीवर उभी आहे. खालचा जबडा सापडलेला नाही, पाय सापडलेले नाहीत, धड सापडलेले नाही. ऑस्बर्न यांनी त्याला मेसोनिकिड गटात बसवले, मेसोनिक्सच्या शरीराचे प्रमाण त्याला लावले आणि खांद्यापाशी १.८९ मीटर उंचीचा प्राणी हिशेबाने उभा केला. अवाढव्य लांडग्यासारखी जी चित्रे आजही सर्वत्र दिसतात, त्यांचा उगम या हिशेबात आहे. पुढे दात आणि कवटीची नव्याने तुलना झाल्यावर हा प्राणी मेसोनिकिडांपासून वेगळा काढला गेला. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका विस्तृत विश्लेषणात तो एन्टेलोडॉन्ट (डुकरासारखे दिसणारे नामशेष खूरधारी), पाणघोडे आणि देवमासे यांच्या जवळ आला. नाते बदलले की मेसोनिक्सवरून काढलेली उंची आणि बांधा यांचा आधारच जातो.

असे असताना कार्यशाळेने या कवटीला खालचा जबडा जोडलेला आहे. तो सुबक आहे, दात व्यवस्थित जुळतात, उघडमीट करता येते आणि विद्यार्थ्यांची गर्दी त्याच्याभोवतीच होते. पण तो कल्पनेने केलेला आहे हे प्रतिकृतीवर कुठेही लिहिलेले नाही. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत तसा उल्लेख आहे. तो शिक्षकाच्या नजरेतून सुटला तर विद्यार्थ्यापर्यंत कधीच पोहोचणार नाही. पुनर्रचना करण्याला माझा विरोध नाही, परंतु पुनर्रचित भाग वेगळ्या रंगात दाखवण्याची संग्रहालयांची पद्धत इथे पाळणे अवघड नव्हते. याच संचातील इतर कवट्यांवर भर घातलेले भाग फिकट राखाडी रंगात दाखवलेले आहेत, त्यामुळे ही उणीव अधिक खटकते.

दुसरा दोष प्रमाणाचा आहे. अँड्र्यूसार्कसची कवटी एक-तृतीयांश आकारात, म्हणजे सुमारे २८ सेंटीमीटर लांबीची केली आहे आणि मेसोनिक्सची मूळ आकारात आहे. टेबलावर दोन्ही शेजारी ठेवल्या की त्या फारशा वेगळ्या लांबीच्या दिसत नाहीत. पूर्ण आकाराची प्रतिकृती महाग आणि जड झाली असती, हे मान्य. तरीही तळाशी प्रमाण कोरलेले असावे, किंवा मूळ लांबीची कापडी पट्टी सोबत द्यावी. आम्ही खडूने टेबलावर ८३ सेंटीमीटरची रेघ ओढून काम भागवतो.

आर्किओथेरियमची कवटी मात्र निर्दोष म्हणावी अशी आहे. हा एन्टेलोडॉन्ट गटातील प्राणी. डोळ्यांखालून बाहेर आणि खाली झुकलेले गालाचे रुंद हाड, खालच्या जबड्याच्या कडेवरचे गाठीसारखे उंचवटे आणि पुढचे भक्कम सुळे हे सगळे नेमके उतरले आहे. हे प्राणी दिसायला डुकरासारखे असले तरी आजच्या मांडणीत त्यांना पाणघोडे-देवमासे यांच्या शाखेजवळ ठेवले जाते, आणि पुस्तिकेनेही ते तसेच ठेवले आहे. त्यांचा आहार मिश्र होता, पण मांसाचा वाटा किरकोळ नसावा. वायोमिंगमध्ये पोएब्रोथेरियम या लहान प्राचीन उंटांचे एकत्र पडलेले सांगाडे मिळाले असून त्यांवर आर्किओथेरियमच्या दातांच्या खुणा आहेत. पायाला दोनच बोटे टेकणारा, खुरांवर पळणारा प्राणी उंट फाडून खात होता, हे ऐकल्यावर वर्गातील शांतता बोलकी असते. खूर आणि मांस यांचे वैर आपण समजतो तेवढे पक्के नाहीच. फॉस्फरसची कमतरता असली की आपल्या गोठ्यातली गाय हाडे चघळते हे कोणत्याही पशुवैद्याला ठाऊक आहे आणि आफ्रिकेतील पाणघोडे मेलेल्या जनावरांचे मांस खाताना आढळले आहेत.

आता घोट्याच्या हाडांकडे येतो. चार नमुन्यांपैकी एक मेसोनिकिडाचा, एक पाकिसीटस या आद्य देवमाशाचा, एक कुत्र्याचा आणि एक शेळीचा आहे. शेळीचे हाड खरे आहे, स्वच्छ करून वार्निश लावलेले. हवे तर कोणत्याही मटणाच्या दुकानातून मागच्या पायाचे तसे हाड मिळवता येते. शेळीचे हाड हातात घेतले की वरच्या आणि खालच्या अशा दोन्ही टोकांना विहिरीच्या कप्पीसारखी खोबण लागते. दोन्ही टोकांची ही दुहेरी खोबण गाय, शेळी, हरीण, डुक्कर, उंट, पाणघोडा अशा सर्व समखुरी प्राण्यांत असते आणि इतर कोणत्याही सस्तन प्राण्यात नसते. कुत्र्याच्या हाडाला वर खोबण आहे, खालचे टोक गोल आहे. मेसोनिकिडाच्या हाडालाही खाली कप्पी नाही. आणि पाकिसीटसच्या हाडाला ती आहे.

या एका निरीक्षणाचे महत्त्व समजण्यासाठी मागची गोष्ट माहीत हवी. ली व्हॅन व्हेलन यांनी १९६६ साली देवमाशांचा उगम मेसोनिकिडांपासून झाला असे मांडले. आधार दातांचा होता, कारण आद्य देवमाशांच्या त्रिकोणी दाढा मेसोनिकिडांच्या दाढांशी विलक्षण जुळत होत्या. हे मत जवळपास तीन दशके पाठ्यपुस्तकांत टिकले. १९९० च्या दशकात डीएनएच्या तुलनेतून देवमाशांचे सर्वांत जवळचे जिवंत नातेवाईक पाणघोडे आहेत असे दिसू लागले आणि जीवाश्मतज्ज्ञ व रेणूजीवशास्त्रज्ञ यांच्यात मोठा वाद झाला. २००१ साली पाकिस्तानातील आद्य देवमाशांची घोट्याची हाडे दोन वेगवेगळ्या संशोधकगटांनी प्रसिद्ध केली आणि त्यांत ती दुहेरी कप्पी स्पष्ट दिसली. देवमासे समखुरी प्राण्यांतूनच आले हे त्यानंतर हाडांवरूनही पटले, आणि मेसोनिकिडांशी असलेला दातांचा सारखेपणा समान आहारातून स्वतंत्रपणे आलेला ठरला. जबड्यावर विश्वास ठेवून झालेली चूक घोट्याने दुरुस्त केली. आमच्या विद्यार्थ्यांनी हाडांवरच्या चिठ्ठ्या झाकून, केवळ स्पर्शाने, पाकिसीटस आणि शेळी यांना एका बाजूला काढले. इतका स्पष्ट प्रयोग दुसऱ्या कोणत्याही शैक्षणिक साहित्याने मला करून दिलेला नाही.

पाकिसीटस आणि इंडोह्यूस (देवमाशांचा जवळचा नामशेष खूरधारी नातेवाईक) यांच्या कवट्या या कथेचा भारतीय उपखंडातील भाग सांगतात. पाकिसीटसचे वर्णन फिलिप गिंगरिच आणि डोनाल्ड रसेल यांनी १९८१ साली पाकिस्तानातील कोहाट भागातील जीवाश्मांवरून केले. इंडोह्यूसची कथा तर आपल्या देशातील भूवैज्ञानिकाच्या चिकाटीची आहे. ए. रंगा राव यांनी जम्मू-काश्मीरमधील कालाकोट येथून दगड गोळा केले आणि त्यांतील काहींवर १९७१ साली लिहिले, पण बरेचसे दगड न फोडलेलेच राहिले. त्यांच्या निधनानंतर पत्नीने ते आद्य देवमाशांचे अभ्यासक हान्स थेविसेन यांच्या हाती सोपवले. प्रयोगशाळेत एका कवटीचा कानाजवळचा भाग अपघाताने तुटला तेव्हा आतली भिंत देवमाशांसारखी जाड आढळली. थेविसेन, सुनील बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी २००७ साली हे प्रसिद्ध केले. संचातील दोन्ही कवट्यांची कानाची कुपी चुंबकाने बसवलेली असल्याने वेगळी काढता येते आणि तिचा आडवा छेद पाहता येतो. ही कल्पना ज्या कारागिराला सुचली त्याचे अभिनंदन करावेसे वाटते.

इंडोह्यूस स्वतः शिकारी नव्हता. तो लहान, पाला खाणारा आणि बहुधा धोका दिसताच पाण्यात शिरणारा प्राणी होता. पुस्तिकेत त्याच्यासोबत पिसोरीचे चित्र दिले आहे. कोयना-चांदोलीच्या जंगलातील हे छोटे हरीण विद्यार्थ्यांना निदान ऐकून तरी माहीत असते, आणि आफ्रिकेतील तिची पाणथळ नातेवाईक संकटात खरोखर पाण्यात बुडी मारते, त्यामुळे ही निवड अतिशय योग्य वाटते. शाकाहारी पूर्वजापासून मांसाहारी पाकिसीटस, मग पाण्यात आणि जमिनीवर वावरणारा अँब्युलोसीटस आणि पुढे खोल समुद्रातील देवमासे असा हा प्रवास आहे. पेरूमध्ये सापडलेला आणि २०१९ साली वर्णन केलेला पेरेगोसीटस चार कोटी वर्षांहून जुना असून पोहू शकत होता, तरीही त्याच्या बोटांच्या टोकांना लहान खुरे होती. म्हणजे मेसोनिकिड आणि एन्टेलोडॉन्ट संपले, पण खूरधारी शिकाऱ्यांची तिसरी शाखा अरबी समुद्रातील डॉल्फिनच्या रूपाने आजही शिकार करीत आहे. पुस्तिकेने हे एका ओळीत उरकले आहे. त्याला निदान एक पान द्यायला हवे होते.

हे प्राणी आपल्याकडे सापडतात का, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. त्याचे उत्तर पुस्तिकेत नाही. सातारा-सांगलीचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा आहे, म्हणजे या प्राण्यांच्या आधीचा, आणि त्यानंतरचे समुद्राचे किंवा नदीचे इओसीन थर इथे नाहीत. आपल्याला सर्वांत जवळचे आद्य देवमासे कच्छमध्ये मिळतात. अशोक साहनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील रेमिंग्टोनोसीटस उजेडात आणला. पुढील आवृत्तीत एक नकाशा आणि कच्छमधील एखादी कवटी घालावी, अशी माझी सूचना आहे.

पुस्तिकेची मराठी शुद्ध आहे, शास्त्रीय नावे देवनागरीत सातत्याने लिहिली आहेत. पॅकिंग भक्कम आहे. प्रत्येक कवटीला स्वतंत्र खाच असलेली लाकडी पेटी मिळते. पेटी दोघांनी उचलावी लागते. रेझिनवरचा रंग वापराने दातांच्या टोकांवर उडू लागला आहे, तेव्हा लहान मुलांच्या हाती देण्यासाठी शाळांनी रंग न लावलेला नमुना मागावा.

संच मागवणाऱ्यांनी अँड्र्यूसार्कसचा खालचा जबडा सुटा आणि राखाडी रंगात हवा असे मागणीपत्रातच लिहावे. आम्ही हरकत नोंदवल्यावर कार्यशाळेने तसा जबडा विनामूल्य बदलून दिला आणि इतरांनाही तो देण्याची तयारी दाखवली. ज्या शाळेला पूर्ण संच परवडत नाही तिने घोट्याची चार हाडे आणि पाकिसीटसची कवटी एवढेच घ्यावे. कार्यशाळा ते वेगळे देते.