संत्र्याच्या कॉकटेलसाठी कोणता स्क्वीझर घ्यावा?

दिवाळी सरली की दादर स्टेशनबाहेरच्या गाड्यांपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत नागपुरी संत्र्यांचे ढीग दिसू लागतात. घरी संत्र्याचं कॉकटेल करायचं तर हाच मोसम. रस काढायची जी साधनं मुंबईत सहज मिळतात, ती सगळी एकाच रेसिपीवर लावून पाहिली तर निकाल असा: दोन वाट्यांचा, दोन दांड्यांचा स्टेनलेस स्टीलचा स्क्वीझर घ्या. मोटारवाला सायट्रस ज्यूसर मोसंबीला छान आहे, संत्र्याला नाही. मिक्सर या कामाला लावूच नका.

रेसिपी मुद्दाम साधी ठेवली आहे, म्हणजे रसातला दोष लपत नाही. एका ग्लासाला जिन 45 मिली, गाळलेला संत्र्याचा रस 45 मिली, लिंबाचा रस 15 मिली, साखरेचा पाक 10 मिली आणि चिमटीच्या टोकावर मावेल इतकं साधं मीठ. काळं मीठ नको, त्याच्या वासापुढे संत्रं हरवतं. पाक म्हणजे 100 ग्रॅम साखर आणि 100 मिली पाणी, साखर विरघळेपर्यंत कोमट करायचं, उकळत बसायचं नाही. फ्रिजमध्ये दोन आठवडे आरामात टिकतो. माप चमच्याने घेऊ नका, एकाच घरातले दोन चमचे सारखे नसतात. जिगर, म्हणजे दारू मोजायचं छोटं माप, नसेल तर खोकल्याच्या औषधाच्या झाकणावर 5 आणि 10 मिलीच्या खुणा असतात, त्या पुरतात. आपल्याकडची जिन साधारण 42.8 टक्के अल्कोहोलची असते, त्यामुळे ग्लास गोड लागला तरी हलका नसतो.

लिंबू का, हा प्रश्न नेहमी येतो. पिकलेल्या संत्र्याच्या रसात आम्ल एक टक्क्याच्या आत असतं, लिंबात सहा टक्क्यांच्या आसपास. नुसत्या संत्र्यावर केलेलं कॉकटेल म्हणूनच पाणचट सरबतासारखं लागतं, आणि मग लोक जिन वाढवत बसतात. वाढवायचा असतो आंबटपणा. एप्रिलमध्ये लिंबू महागतं आणि तेही सुकं मिळतं, तेव्हा मृग बहाराची, म्हणजे फेब्रुवारीनंतर येणारी संत्री अजून बाजारात असतील तर दुसरा रस्ता आहे: 100 मिली संत्र्याच्या रसात 3 ग्रॅम सायट्रिक ॲसिड (लिंबूसत्त्व) आणि 2 ग्रॅम मॅलिक ॲसिड (सफरचंदात असतं ते आम्ल) विरघळवा. रस जवळपास लिंबाइतका आंबट होतो. मग 45 मिली जिनला हा रस 20 आणि पाक 20 मिली. मॅलिक नाही मिळालं तर सायट्रिकच 5 ग्रॅम घ्या, आंबटपणा जरा टोकदार येतो इतकंच. वजनकाटा मात्र ग्रॅमचा हवा, अंदाजपंचे टाकलं तर दात आंबतात.

आता फळ. आंबिया बहाराचं संत्रं ऑक्टोबरअखेर ते जानेवारी, मृग बहाराचं फेब्रुवारीनंतर. नागपुरी संत्र्याची साल सैल असते, अंगठ्याने दाबली की आत पोकळी जाणवते. डिसेंबरपासून त्याच ढिगांशेजारी किन्नू येतो. घट्ट सालीचा, चकचकीत, बियांनी भरलेला. पुष्कळ गाड्यांवर तोही ‘संत्रा’ म्हणूनच विकला जातो. किन्नूला रस भरपूर असतो, पण तो लवकर कडवट होतो. शिवाय सालीवर मेणाचा थर असू शकतो, म्हणून सजावटीला ती वापरायची तर आधी कोमट पाण्यात घासून धुवा. दिसायला सुंदर फळापेक्षा हाताला जड लागणारं फळ घ्या. उशिराची संत्री फुगीर दिसतात, आत फोडी सुकलेल्या असतात.

कडवटपणाचं गणित एकदा समजलं की साधनाची निवड आपोआप होते. संत्र्या-मोसंबीच्या फोडींच्या पडद्यात आणि बियांत एक घटक असतो. तो मुळात कडू नसतो, पण पेशी फुटून आंबट रसात मिसळला की हळूहळू त्याचं लिमोनिन होतं, आणि ते कडू असतं. म्हणून ताजा रस गोड लागतो आणि तासा-दोन तासांनी तोच जिभेच्या मागच्या भागाला बोचतो. जे साधन पडदे आणि बिया जास्त चिरडतं, ते रस जास्त देतं आणि कडूही जास्त करतं. पाहुणे आठ वाजता येणार असतील तर पाक सकाळी करा, लिंबू संध्याकाळी पिळा. संत्रं मात्र पाहुणे आल्यावरच.

दोन वाट्यांच्या स्क्वीझरकडे येऊ. मोठ्या वाटीत बसणारी छोटी वाटी, दोन्ही एकाच बिजागरीवर. कागदी लिंबू जेमतेम चार सेंटिमीटरचं. ते परदेशी लेमनसाठी बनवलेल्या मोठ्या वाटीत ठेवलं तर कडेला सरकतं, अर्धा गर तसाच राहतो आणि माणूस फळाला नावं ठेवतो. छोट्या वाटीत तेच लिंबू नीट चेपतं. फळ आधी ओट्यावर तळव्याने दाबून फिरवलं असेल, आणि फ्रिजमधलं थंडगार नसेल, तर एका चांगल्या लिंबातून 12 ते 15 मिली रस मिळतो, म्हणजे बरोबर एका ग्लासाचा. कापलेली बाजू भोकांकडे, खाली. पुष्कळ जण उलटं ठेवतात, कारण फळाचा गोल भाग वाटीच्या गोलात छान बसतो असं वाटतं. तसं केलं की रस भोकांतून न उतरता कडेने वर उसळतो आणि थेट डोळ्यात. बरोबर ठेवलेलं लिंबू दाबल्यावर बाहेरून आत उलटतं, टोपी उलटी करावी तसं, आणि सालीतलं थोडं तेलही रसात येतं. ते थोडंच हवं. दाबून झालेली साल वळवून पुन्हा चेपायचा मोह टाळा. दुसऱ्या दाबाला रस चमचाभर येतो, तेल आणि कडवटपणा मात्र भरपूर.

संत्र्यासाठी मोठी वाटी, पण सात सेंटिमीटरच्या वाटीत मोठ्या संत्र्याचा अर्धा भाग मावत नाही. जोर लावून कोंबला तर दांड्या पूर्ण मिटत नाहीत आणि बिजागरीच्या पिनेवर सगळा ताण येतो. चार भाग करून एकेक चेपा. मध्यम संत्र्यातून 50 ते 60 मिली रस निघतो, एका ग्लासाला एक फळ हा हिशेब चुकत नाही. बिया वाटीतच अडकतात, फुटत नाहीत, हा या साधनाचा सगळ्यात मोठा गुण.

दोष आहेतच. रंगीत मुलामा दिलेले ॲल्युमिनियमचे स्क्वीझर स्वस्त असतात, हाताला हलके लागतात, पण भोकांच्या कडांवरचा रंग आधी सुटतो. खालचं उघडं ॲल्युमिनियम आंबट रसाने काळपट पडतं, आणि रस त्यावर राहिला तर चवीला धातू लागतो. असा एखादा घरात असेल तर वापरल्याबरोबर धुवा, सिंकमध्ये रात्रभर टाकू नका. स्टीलमध्येही पत्रा पातळ असेल तर दांड्या वाकतात. दुकानात घेताना दांड्या पूर्ण मिटून पाहा: वाटीच्या कडा सगळीकडून सारख्या बसल्या पाहिजेत आणि पिनेत हलवून खडखड येता कामा नये. प्लॅस्टिकचे तर बिजागरीशीच तडकतात, तेही लिंबू कडक असेल त्या दिवशी.

काचेची घुमटीवाली पिळणी, म्हणजे अर्धं फळ घुमटीवर टेकवून हाताने फिरवायची ती, मोसंबीला झकास. जोर आपल्या हातात राहतो, पांढऱ्या भागापर्यंत खरवडलं जात नाही. पण नागपुरी संत्र्याची सैल साल इथे घात करते. फळ फिरवताना साल तळहातात राहते आणि आतल्या फोडी घुमटीबरोबर जागच्या जागी गरगरतात, रस निघण्याऐवजी पडदे फाटतात. मोसमाच्या सुरुवातीच्या घट्ट, हिरवट संत्र्याला ती चालून जाते. जानेवारीच्या फुगीर फळाला अजिबात नाही. त्यापेक्षा फळ सोला, फोडी धुतलेल्या मलमलच्या फडक्यात घाला आणि मुठीने पिळा. एकही पैसा न घालवता मिळणारा हा सगळ्यात स्वच्छ रस आहे. फक्त चार ग्लासांच्या पुढे मनगट बोलू लागतं.

मोटारवाल्या सायट्रस ज्यूसरमध्ये हाच दोष दुप्पट होतो. फळ दाबलं की घुमटी फिरते, सोडून पुन्हा दाबलं की बऱ्याच यंत्रांत ती उलट दिशेने फिरते. घट्ट मोसंबीतून शेवटचा थेंब निघतो, संत्र्याच्या फोडी मात्र सालीतून उपटून निघतात आणि जाळीवर चोथ्याचा गोळा बसतो. दहा-बारा जणांची पार्टी असेल आणि मोसंबीवर काम भागवायचं असेल तर घ्या. मोसंबीत आंबटपणा आणखी कमी, तेव्हा लिंबू 15 चं 20 मिली करा आणि पाक 10 चा 5. घेण्याआधी जाळी सुटी होऊन धुता येते का ते बघा, जाळीत सुकलेला गर दुसऱ्या दिवशी वास मारतो.

हँडल फिरवायचा जुना ॲल्युमिनियमचा ज्यूसर फोडी बियांसकट भरडतो. रस भरपूर, पण तो लगेच प्यायचा. मिक्सर तर बियांचं पीठच करतो.

रस कितीही चांगला काढला तरी बर्फावर घोळ होतो. फ्रीझरमध्ये पापलेट आणि आलं-लसणाची पेस्ट शेजारी असेल तर उघड्या ट्रेमधला बर्फ तो वास धरतो, आणि जिनमध्ये तो स्पष्ट कळतो. ट्रे झाकणाचा घ्या. आपल्या दमट हवेत बाहेर काढून ठेवलेला बर्फ पाच मिनिटांत ओला होतो, आणि ओला बर्फ शेकरमध्ये थंड करण्याआधीच पाणी सोडतो. म्हणून सगळं मोजून झाल्यावर बर्फ अगदी शेवटी, सहा-सात मोठे खडे, आणि 12 ते 15 सेकंद जोरात हलवायचं. शेकर नसला तर रुंद तोंडाची, घट्ट झाकणाची स्टीलची बाटली चालते. गार झाल्यावर झाकण आत ओढलं जाऊन अडकतं, तेव्हा जोर न लावता कडेवर टिचकी मारा. गाळायला चहाची गाळणी नको, ती कितीही घासली तरी चहा सोडत नाही. दहा-वीस रुपयांची वेगळी ठेवा.

वरून सालीची रुपयाएवढी चकती, नारिंगी बाजू ग्लासकडे करून चिमटीत मुडपली की बारीक तुषार उडतो आणि पृष्ठभागावर तेलाचे ठिपके दिसतात. पहिल्या घोटाचा अर्धा वास त्यातूनच येतो. लिंबाची साल इथे वापरू नका, ती संत्र्याला दाबून टाकते.

खरेदीसाठी क्रॉफर्ड मार्केटजवळच्या लोहार चाळ आणि अब्दुल रहमान स्ट्रीटच्या गल्ल्या बऱ्या, कारण तिथे वस्तू हातात घेऊन दांड्या मिटून बघता येतात. ऑनलाइन फोटोत वाटीचा व्यास कळत नाही आणि ‘हेवी ड्यूटी’ सगळ्यांवरच लिहिलेलं असतं. दोन वाट्यांचा स्टीलचा स्क्वीझर साधारण तीनशे ते सहाशे रुपयांत मिळायला हवा. हजाराच्या वर कुणी सांगत असेल तर तुम्ही डब्याचे पैसे देताय. जिनसाठी वाइन शॉपमध्ये जाताना वयाचा पुरावा जवळ असू द्या, राज्यात हार्ड लिकरला 25 वर्षांची अट आहे आणि परमिटही लागतं. पंचविशीच्या आतल्यांसाठी जिनच्या जागी 90 मिली गार सोडा घाला, पण तो शेकरमध्ये नाही, गाळल्यावर ग्लासात. नाहीतर झाकण उडून रस थेट छताला.