एअर बेड, चार पायांची काठी, कमोडची खुर्ची: उन्हाळा-पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालो आणि काही काळाने वृद्धांच्या सेवेचं काम धरलं. छोटं प्रशिक्षण घेतलं, मग दोन घरं मिळाली. दोन्ही नागपुरात; एक महाल भागात, एक मनीषनगरला. महालातले आजोबा एम्प्रेस मिल या कापड गिरणीचे जुने कामगार, मांडीचं हाड मोडल्यापासून अंथरुणालाच आहेत. मनीषनगरचे काकाजी काटोलकडचे संत्रा बागाईतदार. लकव्याने उजवं अंग गेलं, म्हणून मुलाने शहरात आणलं. दोन्ही घरांत मार्चपासून ज्या वस्तू रोज हाताळल्या, त्यांच्याबद्दल लिहितो आहे. कंपन्यांची नावं घेत नाही, कारण फरक कंपनीपेक्षा वापरण्यात जास्त पडतो, असं माझं मत झालं आहे.

आधी एअर बेड. महालातल्या घरी नळ्यांचा आहे, म्हणजे आडव्या नळ्या आणि पायथ्याशी टांगलेला पंप. एका वेळी निम्म्या नळ्या फुगतात, काही मिनिटांनी त्या बसतात आणि बाकीच्या फुगतात. त्यामुळे अंगाच्या एकाच जागी भार राहत नाही आणि तिथला रक्तपुरवठा तुटत नाही. बेडसोअर, म्हणजे पडून राहून अंगाला होणारी जखम, होतो तो मुख्यतः एकाच जागच्या दाबाने, आणि माणसाला ओढून सरकवताना कातडी घासते त्याने. माकडहाड, टाचा, खुबे, कोपर, डोक्याची मागची बाजू, या जागा रोज उजेडात पाहाव्या लागतात. लालसर डाग बोटाने दाबल्यावर पांढरा पडला नाही, तर ती सुरुवात समजायची. तिथे चोळायचं नाही. घरोघरी तेल लावून चोळतात, त्याने आतली इजा वाढते. डागावरचा भार काढायचा आणि डॉक्टरांना दाखवायचं.

दुकानदार सांगतो की बेड घेतला की कूस बदलायची गरज नाही. हे अजिबात मानू नका. आमच्याकडे बेड असूनही साधारण दर दोन तासांनी कूस बदलली जाते; सकाळी मी, दुपारी सून, रात्री मुलगा. पोटरीखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवतो. पंपाची कळ माणसाच्या वजनाप्रमाणे लावायची असते. बरोबर लागली का, हे पाहायला गादीखालून तळहात माकडहाडापर्यंत सरकवायचा. हाड हाताला टेकलं तर हवा कमी आहे. आणि वर चादर सैल, एकपदरीच. घट्ट ताणलेली चादर आणि खाली जुनी वाकळ, हे प्रेमापोटीच घालतात लोक, पण त्याने बेडचा उपयोग राहत नाही.

नागपूरचा मे महिना या गादीची खरी परीक्षा घेतो. पारा पंचेचाळीसच्या घरात गेला की प्लॅस्टिकवर पाठ घामाने चिकटते. सुती चादर दिवसातून दोनदा बदलली, कूलर पायाच्या बाजूने लावला आणि पंपावर पाणी उडू नये म्हणून तो खाटेच्या दुसऱ्या अंगाला टांगला. पंपाला वीज अगदी थोडी लागते, इन्व्हर्टरवर सहज चालतो. वय झालं की तहानेची जाणीवच मंदावते, त्यामुळे मागतील तेव्हा देऊ असं म्हणून चालत नाही. ताक, पन्हं, आंबील वेळ ठरवून दिलं. हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर किती पाणी द्यायचं हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं. पाजताना पाठ ताठ हवी, आणि नंतर अर्धा तास आडवं करायचं नाही.

इथपर्यंतची माहिती कुठलाही चांगला अटेंडंट देईल. मला मुख्यतः सांगायचं आहे ते पुढचं.

जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपुरात सुरू केलेल्या त्या मिलमध्ये आजोबांचं उभं आयुष्य यंत्रांच्या आवाजात गेलं. पहिले काही आठवडे ते माझ्याशी बोलतच नव्हते. मी येई, अंग पुसे, कूस बदले, जाई. त्यांच्या शरीराचं सगळं आम्ही करत होतो आणि त्यांच्याकडे कोणी काहीच मागत नव्हतं. मग एका सकाळी तेच म्हणाले, "पंपाचा आवाज बदलून राह्यला जी, पाहा बरं." मला काही वेगळं ऐकू येत नव्हतं. नळीचं टोक तपासलं तर जोडावरून खरंच हवा सुटत होती.

त्या दिवसापासून पंप त्यांच्याकडे दिला. सकाळी मी पोचलो की आधी त्यांचा रिपोर्ट: रात्री आवाज कसा होता, कोणत्या नळ्या उशिरा फुगल्या, वीज किती वेळा गेली. उशाशी वही ठेवली. ते सांगतात, नातू लिहितो. कूस बदलायची वेळही आता तेच घड्याळ पाहून पुकारतात. सुनेला हाक मारताना पूर्वी ओशाळायचे, कारण मागणं मागावं लागायचं. आता हाक मारतात ती पाळी सांगायला. जेवण वाढलं, बोलणं वाढलं. हाडाचं दुखणं तसंच आहे, ते मी लपवत नाही.

१९७६ साली एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञ बाईंनी अमेरिकेत कनेक्टिकटमधल्या एका वृद्धाश्रमात केलेला प्रयोग या क्षेत्रात नेहमी सांगितला जातो. एका मजल्यावरच्या वृद्धांना सांगितलं की आपल्या दिवसाचे निर्णय तुम्ही घ्या, आणि प्रत्येकाला एक रोप दिलं, पाणी त्यांनीच घालायचं. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण निगा नर्स राखणार होत्या. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत आणि हालती-बोलती आढळली. आमच्या महालात रोपाच्या जागी पंप आहे, एवढंच.

म्हणून आता कोणतीही वस्तू पाहिली की मी एकच पाहतो: ही आल्यावर माणसाच्या हातात काय उरतं?

काकाजींसाठी मुलाने दोन्ही हातांनी धरायचा वॉकर आणला होता. उजव्या हातात पकडच नाही, तर तो उचलणार कसा? फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने डाव्या हातात चार पायांची काठी दिली. उंचीचं माप सोपं आहे: सरळ उभं राहून हात खाली सोडला की काठीची मूठ मनगटाच्या रेषेशी यावी, म्हणजे कोपर किंचित वाकतं. काठीच्या पायांची रबरी बुचं पावसाळ्याआधी बदलून घ्या. झिजलेलं बूच ओल्या फरशीवर थेट घसरतं.

कमोडची खुर्ची त्यांना आधी अपमानाची वाटली. मी आग्रह केला नाही. रात्री संडासापर्यंत जाताना मुलाला उठवावं लागतं, हे त्यांनाच जास्त लागत होतं. मजबूत हातांची खुर्ची खाटेलगत, त्यांच्या चांगल्या बाजूला ठेवली. डाव्या हाताने रेटा देऊन ते आता स्वतः उठतात. खुर्ची घेताना हात पक्के आहेत का, हे सगळ्यात आधी पाहा. चाकांची असेल तर ब्रेक लागतो का, तेही. सदरा घालताना लकव्याचा हात आधी बाहीत, काढताना शेवटी. हे कळल्यापासून निम्मं काम तेच करतात, मी थांबतो. हे थांबणं या कामातलं सगळ्यात अवघड आहे. बटणाला पाच मिनिटं लागतात आणि आपल्याला पुढच्या घरी पोचायचं असतं. तरी थांबावं.

आंबिया बहाराची संत्री बाजारात आली तशी त्यांची सून टोपली त्यांच्यासमोर ठेवू लागली. कोणतं आज खायचं, कोणतं चार दिवस टिकेल, ते डाव्या अंगठ्याने दाबून वेगळं करतात. शेजारच्या दोन घरांची संत्रीही आता त्यांच्याकडूनच निवडून जातात.

माझ्याबद्दल थोडं. निवृत्तीनंतर अंबाझरीला चकरा मारल्या, पेपर वाचला, पेन्शन वेळेवर आली. कमी काहीच नव्हतं, पण सकाळी उठून कुठे पोचायचं हेच उरलं नव्हतं. आता सातला महालात पोचलो नाही तर वहीत नोंद होते. या वयात कोणीतरी आपली नोंद ठेवतं, याचा मला फार आनंद आहे. माझ्या वयाचे मित्र विचारतात, झेपतं का? झेपतं, पण एकट्याने माणूस उचलू नका. चादर धरून दोघांनी सरकवा, नाहीतर तुमची कंबर जाईल. पैसे घ्या, संकोच करू नका. कामाचा मान त्याने राहतो आणि घरचेही हक्काने सांगतात.

वस्तू आधी भाड्याने घ्या. धंतोली-रामदासपेठेतल्या सर्जिकलच्या दुकानांत मिळतात. आणि ज्याच्यासाठी घ्यायची त्याला विचारा. काकाजींना आता व्हीलचेअर हवी आहे, आणि ती ते स्वतः बसून पाहिल्याशिवाय घेणार नाहीत. दारात पायरी नसलेलं दुकान शोधतो आहे. कोणाला माहीत असेल तर सांगा.