शिरोरेषा आणि बेसलाइन: पी-फाइव्ह-जेएसवर कमानीचा नमुना

गणेशोत्सवाच्या कमानीचा नमुना कागदावर काढून पेंटरकडे द्यायचा, ही बेळगावातील आमच्या गल्लीची जुनी पद्धत. यंदा तो नमुना मी पी-फाइव्ह-जेएस या कोडने चित्रे काढण्याच्या साधनावर रेखाटला. केसी रीस आणि बेन फ्राय यांनी २००१ मध्ये सुरू केलेल्या ‘प्रोसेसिंग’ या अशाच साधनाचा हा जावास्क्रिप्ट या ब्राउझरच्या प्रोग्रामिंग भाषेतील वारसदार लॉरेन मॅकार्थी यांनी २०१३ मध्ये आरंभला. तो मोफत आहे आणि थेट ब्राउझरमध्ये चालतो.

शाळेतील आलेखाची सवय येथे आडवी येते, कारण शून्यबिंदू डाव्या वरच्या कोपऱ्यात असतो आणि ‘वाय’ खाली जाताना वाढतो. त्याहून अधिक खटकते ते असे, की ४०० बाय ४०० च्या कॅनव्हासवर, म्हणजे चित्राच्या पाटीवर, (२००, २००) हाच बिंदू दिला तर वर्तुळाचा मध्य तेथे येतो, चौकोनाचा डावा वरचा कोपरा तेथे येतो आणि मजकुराची बेसलाइन, म्हणजे अक्षरांच्या पायथ्याची रेघ, तेथून सुरू होते. चौकोनाची जागा ठरवणाऱ्या ‘रेक्टमोड’ला ‘सेंटर’ आणि मजकुराची जागा ठरवणाऱ्या ‘टेक्स्टअलाइन’ला आडव्या व उभ्या अशा दोन्ही दिशांसाठी ‘सेंटर’ सांगितले की हा घोळ मिटतो. पाटी तिरपी करायची असेल तर आधी शून्यबिंदू सरकवणारे ‘ट्रान्सलेट’ आणि मगच फिरवणारे ‘रोटेट’ लिहावे, आणि हा बदल पुढच्या चित्राला लागू नये म्हणून दोन्ही ‘पुश’ व ‘पॉप’ यांच्या मध्ये ठेवावेत; मी ते विसरलो आणि मराठी नावाबरोबर खालची कन्नड ओळही कलंडली.

खरी अडचण अक्षरांची आहे. आमच्याकडचा पेंटर पाटीवर आधी शिरोरेषेची दोरी मारतो आणि अक्षरे तिला टांगतो, तर येथे मोजमाप अक्षराच्या पायथ्याच्या बेसलाइनपासून होते. ब्राउझरच्या मूळ कॅनव्हासमध्ये टांगत्या लिप्यांसाठी ‘हँगिंग’ हा पर्याय आहे, परंतु ‘टेक्स्टअलाइन’च्या टॉप, सेंटर, बॉटम आणि बेसलाइन या चार उभ्या पर्यायांत तो नाही. अक्षरांची बेसलाइनच्या वरची उंची सांगणाऱ्या ‘टेक्स्टअसेंट’वरही विसंबता येत नाही, कारण मात्रा आणि वेलांट्या शिरोरेषेच्या वर जातात; शेवटी शिरोरेषेची उंची डोळ्यांनीच ठरवावी लागली. कन्नड ओळीत उलट, जोडाक्षराचा दुसरा भाग खाली उतरतो, म्हणून खालच्या चौकटीला जास्त जागा सोडली.

अर्धवर्तुळावर नाव बसवताना तर फजितीच झाली. ‘बेळगाव’ हा शब्द आपल्या हिशेबाने चार अक्षरांचा, पण जावास्क्रिप्ट त्याची लांबी सहा सांगते, कारण ‘बे’ची मात्रा आणि ‘गा’चा काना तिच्या लेखी वेगळे असतात, एकेक घटक सुटा करून कमानीवर मांडला तेव्हा काना ‘ग’ला सोडून एकटाच लटकत राहिला. जावास्क्रिप्टमधील, डोळ्यांना दिसणारी अक्षरे वेगळी करणाऱ्या ‘इंटल.सेगमेंटर’ने तोडणी केली की चार नीट तुकडे मिळतात, मात्र प्रत्येक तुकडा वेगळा फिरवल्यामुळे शिरोरेषा तुटक दिसते, आणि मराठी डोळ्याला ते चालत नाही.

चौकटी, वर्तुळे, रंग आणि सरळ ओळी यांसाठी हे साधन मी निःशंकपणे सुचवेन, कारण एक आकडा बदलला की संपूर्ण मांडणी सरकते आणि खोडरबर लागत नाही. कमानीवरचे नाव मात्र मी नमुन्यात सरळच ठेवले; वळणाची शिरोरेषा पेंटरकाकांनी कापडावर एका हाताने सलग ओढली.