'लोकल रेट'चा गालिचा

कळंगुट-कांदोळी बाजूला गालिचा घ्यायला जायचा विचार असेल तर आधी हे वाचा, आणि "आम्ही गोंयकार, टुरिस्ट थोडेच, आम्हाला कोण फसवतो" असं मनात असेल तर दोनदा वाचा, कारण आमच्याही डोक्यात अगदी हेच होतं. ६२ हजार गेले.

आमचं घर डिचोलीत, सासऱ्यांच्या वेळचं, कौलारू, पुढे बल्कांव, म्हणजे बसायचा ओटा, आणि आत हॉलला तांबड्या सिमेंटची जमीन, जी पुसली की आरशासारखी दिसते. गेल्या वर्षी मुलाचं लग्न ठरलं, साखरपुडा घरीच करायचा म्हणून रंगकाम काढलं. भिंती पोपटी होत्या (का होत्या विचारू नका), त्या ऑफव्हाइट केल्या, आणि एका भिंतीला खालून दोन फूट कावीसारखा तांबडा नक्षीचा पट्टा काढून घेतला, आमच्या जुन्या देवळांत चुन्यावर तांबड्या मातीचं काम असतं ना, तसा. खरी कावी म्हणजे ओला चुना कोरून काढतात, आमच्या पेंटरने स्टेन्सिल लावून ब्रश फिरवला, पण लांबून बरा दिसतो. सोफा मोहरी रंगाचा. सगळं जमून आलं आणि मग पुण्याहून मुलीने व्हिडिओ कॉलवर बघून सांगितलं, आई, मध्ये रग पाहिजे गं, सोफा एकीकडे, टीपॉय एकीकडे, सगळं सुटं सुटं वाटतंय. तिने जमिनीवर वर्तमानपत्रं पसरायला लावून माप काढलं, सोफ्याचे निदान पुढचे पाय तरी रगवर यायला पाहिजेत म्हणे, म्हणजे आठ बाय पाच तरी हवा. ते माप मी चिठ्ठीवर लिहून पर्समध्ये ठेवलं. घेतला चार बाय सहा. यावरूनच समजा पुढे काय झालं असेल ते.

मार्चमध्ये कांदोळीला एका बारशाला गेलो होतो, येताना रस्त्यावर काश्मिरी गालिच्यांचं मोठं दुकान दिसलं. बाहेर उभा असलेला माणूस चक्क कोंकणीत, "येयात बाय, बसात, पळेयात, घेवपाक जाय अशें ना." इथेच आम्ही विरघळलो. आत एसी, कहवा आला, म्हणजे काश्मिरी चहा, केशर घातलेला, सोबत बदाम. कुठले तुम्ही, डिचोलीचे, अरे वा, माझा पार्टनर साखळीला राहतो, मग तुम्हाला टुरिस्टचा रेट कसा लावणार. मग हिंदीत सुरू झाला, दीदी दीदी करत. दोन पोरं गालिचे उचलून आणायची आणि एकावर एक फडाफड उलगडायची, पंधरा-वीस तरी टाकले असतील, आपल्यासाठी एवढी मेहनत घेतायत म्हटल्यावर रिकाम्या हाताने उठायची लाज वाटायला लागते, आणि माझ्या मते तो कहवा आणि ती उलगडाउलगडी त्याच्यासाठीच असते.

जो आवडला तो तांबडा, मध्ये झाड, फांद्यांवर पक्षी, कडेला बारीक वेलबुट्टी. मी फोनमधला भिंतीचा फोटो काढला आणि त्याच्याशेजारी धरला, कावीचा पट्टा आणि गालिच्याचा तांबडा अगदी सेम टू सेम! मग त्याने पोरांना सांगून गालिचा गर्रकन फिरवला, या बाजूने गडद, त्या बाजूने फिकट चमकदार. "देखा दीदी? प्योर सिल्क की यही पहचान है." ही पहचान-बिहचान काही नसते हे आता माहीत आहे. लव एका दिशेला झुकलेली असली की कुठलाही चमकदार धागा असाच दिसतो, व्हिस्कोस (लाकडाच्या लगद्यापासून केलेला, रेशमासारखा दिसणारा धागा) तर जास्तच. आणि रंग जुळला तो दुकानातल्या पिवळ्या स्पॉटलाइटखाली. घरी दिवसाउजेडी तोच तांबडा गुलाबीकडे झुकला आणि खालच्या तांबड्या जमिनीवर असा भांडायला लागला की बघवेना. रंग बघायचा तर वस्तू दुकानाच्या दारात उन्हात नेऊन बघायची, साडी घेताना आम्ही बायका नेहमी हेच करतो, गालिचा घेताना मात्र अक्कल गहाण.

मग लायटरचा खेळ. सिल्क जळलं की केस जळल्याचा वास येतो, राख चिमटीत चुरते, हे अगदी खरं आहे. त्याने धागा पेटवला, वास आला, राख चुरली, हे म्हणाले बघ, ओरिजनल आहे. आता डोळे मिटून आठवते तेव्हा दिसतं की तो धागा त्याने आमच्या गालिच्यातून उपटलाच नव्हता. टेबलाच्या खणातून हातभर तुकडा काढला, "इसी का सॅम्पल" म्हणाला आणि त्यातला ओढला. आम्ही दोघंही ज्वाळेकडे बघत होतो, खणाकडे कोण बघतो.

टॅगवर १,८५,०००. "सिल्क ऑन सिल्क, ९०० नॉट, एक फॅमिलीने दो साल में बनाया." कॅल्क्युलेटर आमच्याकडे फिरवला, १,२०,०००. मग ९०. मग हे उठले तर इकडेतिकडे बघून हळूच, सेठ नाहीत म्हणून सांगतो, लोकल रेट, ६२, कुणाला बोलू नका. कधीही परत आणा, आम्ही जास्त भावाने घेऊ, ये तो इन्व्हेस्टमेंट है. कार्ड चालेल का विचारलं तर म्हणाला कॅश द्या, जीएसटी वाचेल. आणि इथे खोटं बोलणार नाही, जीएसटी वाचतो म्हणून आम्हीही खूष झालो. ह्यांनी समोरच्या एटीएममधून दोन कार्डांवर ४२ हजार काढले, २० यूपीआयने दिले, ते गेले कुठल्याशा माणसाच्या नावावर, दुकानाच्या नव्हे. कागद मिळाला त्यावर वर "एस्टिमेट" आणि खाली "रग ४ बाय ६, १ नग", बस. सिल्क नाही, काश्मीर नाही, हातविणीचं नाही, जीएसटी नंबर नाही. ज्या गोष्टींसाठी पैसे मोजले त्यातली एकही कागदावर नाही. सोबत लॅमिनेट केलेलं, सोनेरी किनारीचं एक सर्टिफिकेट, जे मी नीट फाइलमध्ये लावून ठेवलं होतं. ते दुकानानेच छापलेलं.

साखरपुडा झाला, सगळ्यांनी गालिच्याचं कौतुक केलं, मीही भाव सांगून घेतला. फक्त सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या ८१ वर्षांच्या, नाक मात्र तिखट.

जून लागला आणि आठ-दहा दिवसांत त्या म्हणाल्या, "गो, हांगा व्हाणांच्या दुकानाचो वास येता." मी चपला बाहेर ठेवल्या, शू रॅक धुतला, वास तसाच. मग झाडू मारताना गालिच्याचं टोक उचललं तर तांबड्या जमिनीवर पांढरट भुकटी, रांगोळी सांडल्यासारखी. पुसली, चार दिवसांनी परत. आणि जुलैत नातवाने कोकम सरबत सांडलं, अर्धा ग्लास. मी लगेच ओलं फडकं फिरवलं. दुसऱ्या दिवशी ताटाएवढा भाग कडक, वाळलेल्या पंच्यासारखा, पिवळसर, आणि लव अशी चिकटून बसली की कंगव्याने विंचरूनही उठेना. हो, विंचरली मी.

म्हापशाला एक वयस्कर रफूगर आहेत असं कळलं, काश्मीरचेच, शाली आणि गालिचे दुरुस्त करतात. गुंडाळी करून गाडीच्या मागच्या सीटवर घालून नेला. त्यांनी वरून बघितलंच नाही. गालिचा पालथा टाकला, पाठीवरच्या कापडावर हात फिरवला आणि विचारलं, काटू का? ब्लेडने कोपऱ्यात चार बोटं कापड सोडवलं. आत वाळलेला गोंद, भेगा पडलेला, खाली जाळीचं कापड. नखाने खरवडलं तर तीच भुकटी पडली. "बहनजी, ये गांठ का काम नहीं है, गन का माल है."

म्हणजे काय तर टफ्टेड. जाळीसारख्या कापडात हातातल्या टफ्टिंग गनने धागे ठोकतात, मागे लॅटेक्सचा गोंद लावतात म्हणजे धागे सुटत नाहीत, आणि तो गोंद दिसू नये म्हणून वरून कापड चिकटवतात. लॅटेक्समध्ये खडूसारखी पूड जास्त घातली असेल तर तो लवकर भुसभुशीत होतो, आणि आमच्या पावसाळ्यात वास मारतो. हातगाठीच्या गालिच्याला पाठीवर कापड लागतच नाही, पुढची नक्षी मागे जशीच्या तशी दिसते, एकेक गाठ मोजता येते, आणि टोकाच्या झालरी म्हणजे त्याचेच ताण्याचे, म्हणजे विणीतले उभे, धागे असतात. आमच्या झालरी वेगळ्या शिवलेल्या होत्या. टाके दिसत होते हो, साध्या डोळ्यांनी! पाच महिने त्यांच्यावरून पाय देत फिरले मी. धागा त्यांनी पेटवून दाखवला, ह्या वेळी खरा आमच्याच गालिच्यातला, भुर्रकन जळला आणि कागद जळल्याचा वास. व्हिस्कोस. ह्यालाच कोण आर्ट सिल्क म्हणतात, कोण बांबू सिल्क, बनाना सिल्क. व्हिस्कोस ओलं झालं की दुबळं होतं, पाण्याचा डाग कायमचा बसतो, आणि आम्ही तो घातला कुठे, तर गोव्यात, पावसाळ्यात, नातवाच्या पायाखाली. टफ्टेड वाईट असतं असं नाही, टफ्टेड म्हणून टफ्टेडच्या भावात घ्या ना. तशाच मापाचा, तसलाच मला नंतर ऑनलाइन ८ हजारांत दिसला. कोपरा परत चिकटवायचे रफूगरांनी ३०० घेतले.

घरी येऊन ह्यांनी सगळ्या काश्मीरवाल्यांना शिव्या घालायला सुरुवात केली, तेव्हा मी म्हटलं, खोटं विकणाराही तिकडचाच आणि खरं सांगणारेही तिकडचेच, तेव्हा गप्प बसा. त्या रफूगरांनीच हिशेब करून दाखवला होता. ९०० नॉट म्हणजे एका चौरस इंचात ९०० गाठी, चार बाय सहा फुटांचे ३,४५६ चौरस इंच, म्हणजे ३१ लाखांवर गाठी. चांगला कारागीर दिवसाला आठ हजार बांधतो धरलं तरी एका माणसाचे ३८९ दिवस. दिवसाला ५०० रुपये मजुरी धरा, दोन लाखांच्या जवळ जाते, त्यात रेशीम आलं नाही, रंग आला नाही, दुकानाचा एसी आणि कहवा आला नाही. मी बँकेत ३१ वर्षं काढली, पासबुकात एक रुपया इकडचा तिकडे झाला तर मला झोप लागायची नाही, आणि हा हिशेब मला दुकानात सुचला नाही.

आणि सर्टिफिकेटचं सांगायचं राहिलं. हातगाठीच्या काश्मिरी गालिच्यांना जीआय टॅग (वस्तू त्याच भागातली असल्याची सरकारी नोंद) आहे आणि २०२२ पासून तपासणी करून क्यूआर कोडचं लेबल मिळतं, स्कॅन केलं की कोणी विणला, कुठल्या जिल्ह्यात, काय माल वापरला ते दिसतं. आमच्या गालिच्यालाही मागे एक क्यूआर स्टिकर होता! घरी स्कॅन केला तर दल लेकचे फोटो आणि दुकानाचा व्हॉट्सअ‍ॅप नंबर. तर स्टिकर आहे एवढ्यावर जाऊ नका, तिथेच उभं राहून स्कॅन करा आणि काय उघडतं ते वाचा. पाठीला कापड असेल तर सिल्कची गोष्ट ऐकतच बसू नका. जाळायचा धागा आपण निवडायचा, लवेतला. बिलावर "हातगाठीचा, शुद्ध रेशीम, अमुक नॉट, काश्मीर" हे लिहून मागा, लिहायला का कू केलं की समजायचं. आणि घरपोच पाठवतो म्हणाले तर पाठीवर पेनाने सही करून फोटो काढून ठेवा, दाखवला एक आणि आला दुसरा असं माझ्या भावजयीच्या ओळखीत झालंय.

ऑगस्टमध्ये दुकानात गेलो तर शटर खाली, ऑफ सीझन. ऑक्टोबरात उघडलं तेव्हा बोर्ड नवा, नाव नवं, आतला माणूस तोच. म्हणाला ते दुकान वेगळं होतं, आणि कागदावर छापलंय ना, विकलेला माल परत घेतला जाणार नाही. हे छापलं म्हणून दुकानदार सुटत नाही हे मला तेव्हा माहीत नव्हतं. २०१९ च्या ग्राहक कायद्यात बिल न देणं आणि खराब माल परत घ्यायला नकार देणं, दोन्ही अनुचित व्यापार प्रथेत येतं. बिलावर मुदत नसेल तर माल परत करायला ३० दिवस धरतात, ते आमचे कधीच उलटले होते, पण जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दोन वर्षांच्या आत करता येते आणि माल ५ लाखांपर्यंतचा असेल तर फी लागत नाही. मी १९१५ वर, म्हणजे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, फोन करून तक्रार नोंदवली, मग ओळखीच्या वकिलांकडून नोटीस पाठवली. वकिलांनी पहिलाच प्रश्न विचारला, पुरावा काय? पुरावा यूपीआयच्या २० हजारांचा. एटीएमच्या स्लिपा आहेत, पण त्यावरून मी पैसे काढले एवढंच दिसतं, कोणाला दिले ते कुठे दिसतं? नोटीस गेल्यावर तीन आठवड्यांनी २० हजार आले, गुपचूप, त्याच माणसाच्या नावावरून. ४२ साठी लढायचं की नाही हे घरात अजून ठरत नाहीये.

हॉलमध्ये आता नवलगुंदचा जमखाना आहे, आमच्या शेजारच्या कर्नाटकातल्या धारवाड जिल्ह्यातला, सुती, बायका हातमागावर विणतात, त्यालाही जीआय आहे. निळा-पिवळा, आठ बाय पाच, चिठ्ठीतलं माप. सांडलं की झटकायचं, मळला की धुवायचा. तांबड्या जमिनीवर निळा इतका खुलतो की मला आधी का सुचलं नाही कळत नाही. सासूबाईंनी हात लावून बघितला, वास घेतला आणि त्यावर बसून फुलं ओवायला घेतली.

डिसेंबरात त्या दुकानाच्या नंबरवरून फोन आला, दीदी, पुराना रग ले आओ, ऊपर से सिर्फ १५ हजार, असली सिल्क देंगे, आपके लिए लोकल रेट. हे म्हणाले, घेऊया नको, पण बघून तर येऊया. गाडीची चावी मी तेव्हापासून माझ्या कपाटात ठेवलीय.